बोंबलांच्या दोरीवर पिशव्या

आधीच सांगते, प्लास्टिकबंदी मला हवी आहे. कराडात माझा लग्नाकार्याला भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, पातेली, झारे. थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या तेव्हा माझी ताटं गोदामात धूळ खात पडली. लोक म्हणायचे, जेवलं की फेकून दिलं, घासायची कटकट नाही. बंदी आली आणि ताटं पुन्हा मांडवात गेली. तेव्हा पुढे जे लिहिलंय ते कायद्यावर कुरकुर करणाऱ्या बाईने लिहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

आम्ही निघालो होतो हरिहरेश्वरला. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ सुलभा. ती बालवाडीत शिकवते. तिच्या मुलाला नोकरी लागली होती आणि तिला नवस फेडायचा होता. मला नवसात रस नव्हता, समुद्रात होता. म्हणून असं ठरलं की आधी अलिबागजवळ दोन दिवस राहायचं आणि रविवारी सकाळच्या एसटीने पुढे जायचं.

ज्या कोळीवाड्यात राहिलो त्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. थळच्या खत कारखान्याचं धुराडं तिथून दिसतं, एवढं पुरे.

शुक्रवार

रिक्षा गावात वळली आणि उजव्या हाताला बोंबील वाळत घालायच्या वलांड्या लागल्या. उंच बांबू रोवलेले, त्यांना आडव्या दोऱ्या ताणलेल्या. आपल्याकडे कपडे वाळत घालतो तसाच प्रकार, फक्त मैदानभर. बोंबील घालायची पद्धत बघण्यासारखी आहे. दोन बोंबील घेतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. खिळा नाही, चिमटा नाही. वारा कितीही सुटला तरी पडत नाहीत.

पण अर्ध्याच दोऱ्यांवर बोंबील होते. उरलेल्या अर्ध्यांवर काहीतरी रंगीबेरंगी फडफडत होतं.

"धुणं दिसतंय," सुलभा म्हणाली.

धुणं नव्हतं. पिशव्या होत्या. काळ्या, पांढऱ्या, निळ्या, दुधाच्या, चिवड्याच्या, शांपूच्या पुड्यांच्या अख्ख्या माळा, सलाईनच्या नळ्या. एका दोरीवर थर्माकोलच्या पत्रावळ्यांचे तुकडे ओळीने ओवलेले. माझ्या जुन्या वैरिणी. मला त्या कुठेही ओळखता येतात.

रिक्षावाला हसला. "इथल्या बायांचं डोकं फिरलंय. तुम्ही जिथे उतरणार ना, ती त्यांची पुढारी."

द्वारकाबाई साठीच्या असतील. काळ्या, उंच, कोळी पद्धतीचं घट्ट लुगडं नेसलेल्या, आवाज थेट बंदरापर्यंत जाईल असा. मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या संस्थेच्या त्या अध्यक्ष. घराची वरची खोली त्या पाहुण्यांना देतात. नवरा होडीचा मालक. त्यांना सगळे नाखवाच म्हणतात, त्याही.

मी पिशवीतून ओली साडी काढून वाळत घालायला लागले. वाटेत पाण्याची बाटली तिच्यावर सांडली होती. साडी मी एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली होती. बाईंनी ती पिशवी दोन बोटांनी उचलली.

"भांड्यांचा धंदा करता ना तुमी?"

"हो."

"मग ही कशाला?"

"घरात होती एक. जुनी."

"जुनीच येते बाय आमच्याकडं. नवी कोन टाकतो?"

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि साडी झटकायला लागले.

संध्याकाळी त्यांच्या भाच्याच्या वालाच्या शेतावर पोपटी होती. आपल्या हुरड्याचीच बहीण म्हणा. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, मसाला लावलेलं कोंबडं, वरून-खालून भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही. उघडलं की पाल्याचा कडवट वास आधी येतो आणि मग भूक लागते. केळीच्या पानावर जेवलो. आपल्याकडे हुरडा पार्टीला आता काय काय मांडतात ते मला माहीत आहे, कारण ऑर्डर मला येत नाही. मी ते बोलून दाखवलं तर भाचा म्हणाला, "पुन्याची मान्सं आली की आमी पन मांडताव. पानावर रस्सा पलतो म्हनतात."

तिथेच मी दोऱ्यांचं विचारलं.

गोष्ट अशी होती. या गावचे लोक डोल टाकतात. डोल म्हणजे समुद्रात खांब रोवून तोंड उघडं ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर जे वाहत येईल ते आत शिरतं. बोंबील, जवळा, कोळंबी आणि प्लास्टिक. पूर्वी प्लास्टिक जागच्या जागी परत पाण्यात टाकायचे.

"तीच पिशवी उद्या परत जाल्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी वलखायला लागले त्याना. म्हटलं, ह्ये काय चाललंय? आपुन काय त्याना पोहायला शिकवताव?"

बायकांनी सभा घेतली आणि ठरवलं, जे वर आलं ते परत पाण्यात जाणार नाही. पुरुषांनी कटकट केली, होडीत जागा अडते म्हणाले. बायकांनी सांगितलं, मग मासळी तुम्हीच सुकवा आणि तुम्हीच विका. कटकट थांबली.

प्लास्टिक किनाऱ्यावर यायला लागलं. ग्रामपंचायत म्हणाली, हा गावचा कचरा नाही, समुद्राचा आहे, आमची गाडी नेणार नाही. भंगारवाला म्हणाला, ओलं आणि वाळूचं नको, सुकं असेल तर बघू. म्हणून खळ्याच्या कोपऱ्यात ढीग लागला. खळं म्हणजे ज्या मैदानावर वलांड्या उभ्या आहेत ते. जागा सरकारी आहे. मासळी सुकवायची परवानगी दर वर्षी नव्याने मिळते. मागच्या बाजूला अलीकडे बंगले उठले आहेत आणि बंगल्यांना वास येतो.

एक दिवस प्लास्टिकबंदीचं सरकारी पथक आलं, ढीग पाहिला आणि नोटीस देऊन गेलं. बंदी असलेल्या प्लास्टिकचा साठा आढळला. पुन्हा आढळला तर दंड, आणि खळ्याची परवानगी रद्द करण्याची शिफारस.

"दंडाचं सोडा," द्वारकाबाई म्हणाल्या. "खला गेला तं बोंबील कुठं घालू? डोक्यावर?"

"मग दोऱ्यांवर कशाला टांगलंत? लपवायचं तरी."

"सुकल्याबिगर भंगारवाला न्हेत न्हाय. आनि लपवायचं कशाला? आमी चोरी केलीय?"

शनिवार

सकाळी नाखवांची होडी येणार होती. मला जायचं होतं. सुलभाला नव्हतं, पण एकटीला खोलीत कंटाळा येईल म्हणून आली.

जेट्टीवर वास कसा असतो हे घाटावर राहून कळणार नाही. सुलभाने नाकाला पदर लावला. होडी लागली, माल वर यायला लागला. बांबूच्या पाट्या हातोहात पुढे सरकत होत्या. बोंबील ओले असताना अगदी लिबलिबीत असतात, जेलीसारखे, आणि रंग साधारण गुलाबी. त्यांच्यात मिसळून इतर सगळं. बायका खाली बसून निवडत होत्या. डाव्या हाताला मासळी, उजव्या हाताला प्लास्टिक, मध्ये जवळा. आपण भाजी निवडतो त्या वेगाने. बोलणं एकीकडे चालूच.

मीही बसले. माझ्या हाताला आधी एक पेला आला, मग तेलाच्या पुड्याचा कोपरा, मग एक चप्पल. एका पिशवीला आत शंख चिकटून वाढले होते. ती किती दिवस पाण्यात होती कोण जाणे.

शेजारच्या बाईने विचारलं, "तुमच्या गावाला नदी हाय ना?"

"दोन आहेत. कृष्णा आणि कोयना."

"मंग त्याच्यातलं कुठं जातं?"

"दुसऱ्या समुद्राला. कृष्णा पूर्वेला वाहते."

"वाचलो म्हंजे," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, पण फार नाही.

एवढ्यात सुलभा उठली, कठड्यापाशी गेली आणि सकाळचा चहा समुद्रात सोडून आली. नाखवा म्हणाले, "टाका, टाका. तेवढं चालतं."

निवडून झाल्यावर मी प्लास्टिकच्या दोन पाट्या डोक्यावर घेऊन खळ्यापर्यंत नेल्या. मला पातेली उचलायची सवय आहे. द्वारकाबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे मला तरी ती शाबासकी वाटली. मग दोऱ्यांवर टांगायचं काम. पिशव्यांना जबडे नसतात, त्यामुळे गाठ मारावी लागते. तेवढाच फरक.

दुपारी ओल्या बोंबलांचं कालवण, तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. तळलेला बोंबील वरून कुरकुरीत आणि आत जवळजवळ नाहीच. आम्ही देशावरचे लोक सुका बोंबील म्हणजेच बोंबील समजतो. चुकतो.

रविवार

एसटी साडेनऊची होती. सामान घेऊन खाली उतरलो तर खळ्यासमोर जीप उभी. पथक आलं होतं. एक साहेब, एक कारकून, एक चालक. साहेब पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, दमलेला चेहरा.

"बाई, नोटीस दिली होती ना तुम्हाला?"

"दिली ना. वाचली आमी," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यात लिवलंय साठा. साठा कोठीत करतात साहेब. हा तर वाऱ्यावर हाय."

"तुम्ही चेष्टा समजताय. परवानगी जाईल."

"मंग काय करू? सांगा ना. पंच्यात न्हेत न्हाय, तुमी न्हेत न्हाय. त्या दिशी तुमच्याच मानसानं सांगितलं, बाई, पान्यात ढकलून द्या, विषय संपला. सांगितलं का न्हाय?"

कारकून फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले.

मग त्यांनी पंचनामा लिहायला घेतला. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि त्या गावात पंच मिळेना. कोळीवाड्यात एकमेकांविरुद्ध पंच म्हणून सही करायची नाही असं कधीचं ठरलेलं आहे. कारकून दोन-चार दारांत जाऊन आला. एकाचा चष्मा हरवला होता, एकीला अक्षर येत नव्हतं, एक जण सुनेला विचारून सांगतो म्हणाला आणि घरात गेला तो बाहेर आला नाही.

साहेबांची नजर आमच्या बॅगांवर पडली.

"मॅडम, तुम्ही पर्यटक ना? दोन मिनिटांचं काम आहे. फक्त सही. तुम्हाला काही त्रास नाही."

"कशावर सही?"

"समोर जे दिसतंय त्यावर."

"अक्का, गाडी," सुलभा हळूच म्हणाली.

मी चष्मा लावला आणि कागद मागितला. साहेबांना ते आवडलं नाही, पण दिला. माझ्या धंद्यात शंभर ताटं गेली की शंभर ताटं आली का ते बघूनच सही होते. वाचल्याशिवाय सही करायची सवय मला नाही. कागदावर लिहिलं होतं की सदर ठिकाणी बंदी असलेल्या प्लास्टिकचा मोठा साठा, दोऱ्यांवर व जमिनीवर, संस्थेच्या ताब्यात आढळून आला. बस. पुढे पंचांच्या सह्यांची जागा.

"हे आलं कुठून ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"तो रकाना नाही त्यात."

"खाली जागा आहे."

"मॅडम, आम्ही जे आढळलं ते लिहितो. कुठून आलं तो चौकशीचा भाग."

"मग मला जे आढळलं ते मी लिहिते. पंच मी आहे ना?"

ते म्हणाले, तुम्हाला इथलं माहीत नाही. मी म्हणाले, काल सकाळी मी जेट्टीवर बसून यातलं निवडलंय आणि दोन पाट्या डोक्यावरून आणल्यात, आणखी किती माहीत असायला हवं? ते म्हणाले, कायदा सर्वांना सारखा आहे. तेव्हा मात्र मी कोपऱ्यावरच्या टपरीकडे बोट केलं. तिथे चिप्सच्या आणि गुटख्यासारख्या कसल्या कसल्या पुड्यांच्या माळा लटकत होत्या. आमच्या दोरीवर होत्या त्याच, फक्त भरलेल्या.

"त्यांचा पंचनामा?"

"ते कंपनीचं पॅकिंग आहे. त्याला सूट आहे."

"म्हणजे भरलेली पुडी टांगली तर धंदा आणि रिकामी टांगली तर गुन्हा."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "मॅडम, मला वरून विचारतात महिन्यात किती कारवाया झाल्या. समुद्रावर कारवाई करू का मी?" हे ते अगदी खरं बोलले, आणि मला त्यांच्याबद्दल थोडं वाईटही वाटलं. पण थोडंच. समुद्रावर करता येत नाही म्हणून समुद्र झाडणाऱ्या बाईवर करायची, हे मला पटणार नव्हतं. माझ्या ताटांना मांडवात परत आणणारा कायदा आहे हा. तो असा वापरलेला मी उभी राहून बघणार नाही.

पेन माझ्याकडेच होतं. मी मजकुराखाली लिहिलं: "वर लिहिलेलं प्लास्टिक समोरच्या समुद्रातून डोलीच्या जाळ्यात आलेलं आहे. शनिवारी सकाळी ते होडीतून उतरताना मी स्वतः पाहिलं, स्वतः निवडलं आणि दोन पाट्या इथे आणून टांगल्या. ते वापरायला किंवा विकायला आणलेलं नाही. ग्रामपंचायत ते नेत नाही."

साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "शेवटचं वाक्य तुम्ही पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं, ऐकलं होतं. ते बरोबर बोलत होते. मी ते वाक्य खोडलं आणि बाजूला छोटी सही केली. द्वारकाबाई पुटपुटल्या, "खरं हाय ते, कशाला काढलं?" मी म्हणाले, "खरं असेल. माझं नाही." मग पूर्ण नाव, पत्ता, सही.

"दुसरे पंच मला मिळतील," साहेब म्हणाले. "पण हा कागद मग कामाचा राहत नाही. एका पंचाचं एक, दुसऱ्याचं एक."

त्याच वेळी नाक्यावरून एसटी गेली. साडेनऊची. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सुलभाचा नवस त्या गाडीत होता. दोन दिवस ती वासाला, मिठाला, उकाड्याला नावं ठेवत होती आणि मला वाटलं, आता मला ऐकून घ्यावं लागणार.

तिने बॅग खाली ठेवली.

"अक्का, मी कुठं करू सही?"

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही हे पाहिलंय? की या म्हणतात म्हणून?"

"जेट्टीवर मला उलटी झालीय," सुलभा म्हणाली. "नाखवांना विचारा. न बघताच झाली का?"

खळ्यावर जमलेल्या बायका हसल्या आणि मग थांबेचनात. कारकूनही हसला. सुलभाने बालवाडीच्या फळ्यावर लिहिते तशा गोल अक्षरात "वर लिहिलेलं मीही पाहिलं आहे" असं लिहून सही केली.

साहेबांनी कागद हातात धरला. मला वाटलं, फाडतील. द्वारकाबाईंनाही तेच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "फालायचा तर फाला साहेब. तुकलं आमी सुकत घालू." त्यांनी फाडला नाही. घडी घातली, फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "तुम्हाला बोलावलं तर यावं लागेल. कराडहून."

"एसटी आहे," मी म्हणाले.

जीप गेली. द्वारकाबाईंनी आभार मानले नाहीत. त्या इतकंच म्हणाल्या, "आता थांबताच आहात तर त्या पाट्या उचला. ऊन हाय तवर घालून घेऊ." दुपारपर्यंत सगळ्या दोऱ्या भरल्या.

हरिहरेश्वर, आणि नंतर

सोमवारी हरिहरेश्वरला पोचलो. सुलभाने नवस फेडला. खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उसळणारं पाणी. ओहोटी असेल तरच जावं, भरतीला नाही. खडक लाटांनी मधाच्या पोळ्यासारखे पोखरले आहेत. देवस्थानाचं आणि समुद्राचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलंय, ते वाचा. मी कपारीतल्या बाटल्या मोजत होते आणि मग मोजायचं सोडून दिलं.

परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी द्वारकाबाईंचा फोन आला. खळं अजून बायकांकडेच आहे, पण परवानगीचं नवं पत्र अडवून ठेवलंय. सुनावणी सुरू झाली आहे. तिथे कुणीतरी म्हणालं की पंचांनी लिहिलेला मजकूर गावकऱ्यांनी नंतर घुसडला असावा.

"तुमी नाय आल्या तरी चालंल," त्या म्हणाल्या. "लांब पडतं. आमी बगून घेऊ."

"आणि होडीतलं?"

"त्याचं काय? रोज येतं. रोज टांगताव. खला घेतला तर रस्त्यावर टांगू. पान्यात न्हाय टाकनार."

काल टपालाने मला कागद आला. पंचनाम्यातल्या खालच्या ओळी आपल्याच हाताच्या आहेत का, हे समक्ष येऊन सांगावं. ती तारीख नेमकी लग्नसराईतली आहे, दोन मोठी कार्यं आहेत आणि ताटं मोजून द्यायला दुसरं कुणी नाही. दोन्ही ऑर्डरी मी दुसऱ्या दुकानदाराकडे वळवल्या. सुलभाने शाळेत रजा टाकली आहे.

अक्षर माझंच आहे. खोडलेली ओळही माझीच आहे, आणि ती का खोडली तेही मला सांगता येतं. ते तिथे उभी राहून सांगणार आहे, आणि उरलेल्या ओळी मोठ्याने वाचून दाखवणार आहे.